डोंगरी सायकलीची धांव

मागील अंकांत घरांतल्या घड्याळांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून नाशिकच्या एका भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, "आपण घड्याळ, चष्मा, छत्री अशा वस्तूंवर लिहितां, परंतु आमच्या घरांत सध्यां वाद चालला आहे तो डोंगरावर चालविण्याच्या सायकलीचा. चिरंजीव म्हणतात, टायर बदलावयाचे आहेत. दुकानांत गेलें तर दहा प्रकारचे टायर पुढें टाकतात, आणि कोणता कशासाठीं हें समजावून सांगणारा कोणी भेटत नाहीं. ह्याविषयीं आपणांस कांहीं ठाऊक आहे काय?"

पत्र वाचून मी अंमळ स्तब्ध झालों. ठाऊक आहे, पण तें ज्या मार्गानें ठाऊक झालें तो सांगावयाचा म्हणजे आपली एक चूक चारचौघांत मांडावयाची. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर तांबडी शाई चालविली. आतां एकदां ती आपल्या वहीवर चालवावी हें न्यायाचेंच आहे, असें मनाशीं म्हणून लिहावयास बसलों आहें.

टायर हा शब्द आतां मराठीच झाला आहे आणि त्यास हांकून लावण्याचा माझा विचार नाहीं. तथापि ही वस्तु आपल्याकडे निनांवी नव्हती. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो तिला धांव म्हणतात. ती चाकापेक्षां किंचित् लहान घडवितात, लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवितात आणि लगेच वर पाणी ओततात. निवतां निवतां ती आक्रसते आणि चाकाच्या लांकडी तुकड्यांस एकमेकांशीं आवळून धरते. लहानपणीं आजोळीं हा सोहळा पाहावयास आम्ही पोरें लोहाराच्या दारांत उभीं राहत असूं. संस्कृतांत चाकाच्या कडेला नेमि आणि प्रधि असे दोन शब्द अमरकोशांत दिलेले आहेत. मात्र लोखंडी धांव चाकाचें रक्षण करी, गाडींत बसणाऱ्याचें नव्हे. त्याचीं हाडें खिळखिळी व्हावयाचीं तीं होतच असत. बसणाऱ्याचीही काळजी वाहणारी धांव निर्माण व्हावयास रबर आणि हवा यांची सोयरीक जुळावी लागली.

कच्चें रबर उन्हानें चिकट होई व थंडीनें तडके. गंधकाबरोबर तापविलें असतां हा दोष जातो असें १८३९ सालीं अमेरिकेंत चार्लस गुडइयर यास आढळून आलें. पुढें १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम थॉमसन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या धांवेचें पेटंट घेतलें. परंतु तेव्हां सायकलींचा प्रसारच नव्हता, त्यामुळें ती कल्पना कागदावर राहिली. १८८८ सालीं बेलफास्टचे जॉन बॉइड डनलॉप यांनीं तीच युक्ति स्वतंत्रपणें काढली. हे गृहस्थ धंद्यानें गुरांचे डॉक्टर. आपल्या मुलाला तिचाकी सायकलीवर दगडी रस्त्याचे धक्के बसूं नयेत एवढाच त्यांचा हेतु होता. एका बापानें मुलाचें अंग दुखूं नये म्हणून केलेली ही वस्तु आहे, हें पुढील हकीकत सांगतांना मला वारंवार आठवतें.

डोंगरी सायकल मात्र आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत जन्मली. कॅलिफोर्नियांत सॅनफ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नांवाचा परगणा आहे, आणि त्यांत टॅमलपाइस नांवाचा डोंगर. तेथील कांहीं तरुणांनीं आपल्या आजोबांच्या काळच्या, फुगीर टायरांच्या, जड सायकली भंगारांतून उचलून त्या डोंगरावरून खालीं सोडण्याचा खेळ आरंभिला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं एका उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. उतार असा कीं, मागील चाकाच्या ब्रेकमधलें ग्रीस जळून धूर निघे आणि फेरी संपली कीं तें पुन्हा भरावें लागे. त्यावरून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक' पडलें. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं ह्या खेळासाठीं मुद्दाम सांगाडा घडविला, गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं १९७९ सालीं अशा सायकलींचा धंदा मांडला, आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिकांत ह्या खेळास स्थान मिळालें. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, त्या पोरांनीं ह्या जुन्या धुडांची निवड केली ती सांगाड्याकडे पाहून नव्हे. अरुंद टायर त्या वाटेवर टिकत नसत आणि फुगीर टिकत, म्हणून. सायकल डोंगरी होते ती मुख्यत्वें टायरानें.

आतां माझी गोष्ट. नोकरीच्या सर्व काळांत मी अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीवर शाळेंत गेलों. तिच्या टायरांत हवा भरावयाची रीत एकच: अंगठ्यानें दाबून पाहावें, दबला तर आणखी मारावी, दबला नाहीं म्हणजे झालें. टणक टायर चांगला, मऊ टायर म्हणजे आळशी माणसाची सायकल, ही माझी ठाम समजूत. डांबरी रस्त्यावर ती फारशी खोटीही नव्हती.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या कन्येच्या मुलास, तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता, त्याच्या वडिलांनीं डोंगरी सायकल घेऊन दिली. साडेसत्तावीस इंची चाकें, सव्वादोन इंच रुंद टायर, त्यांवर करवतीसारखे दांते. नोव्हेंबरांतल्या एका शनिवारीं संध्याकाळीं तो अभ्यासास बसला होता आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे मित्रांबरोबर शहराच्या पश्चिमेकडील टेकडीवर जावयाचा होता. मीं सहज अंगठ्यानें टायर दाबून पाहिला, तों तो चांगलाच दबला. नातवाच्या सायकलींत हवा नाहीं! चष्मा लावून टायराच्या बाजूवर कोरलेलीं अक्षरें वाचलीं. कमाल ६५ पौंड, असा मजकूर होता. मोठ्या उभ्या पंपानें, धापा टाकीत, पण कर्तव्य केल्याच्या समाधानांत, मीं दोन्हीं चाकांत साठ-साठ पौंड हवा भरली. पांच पौंड कमी भरली ती सावधगिरी म्हणून!

दुसऱ्या दिवशीं नऊच्या सुमारास दूरध्वनि आला. उतारावर एका वळणापाशीं मुरमावरून पुढलें चाक एकाएकीं बाजूस सरकलें आणि मुलगा उजव्या हातावर पडला. मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे प्लॅस्टर. सहामाही परीक्षेचे राहिलेले पेपर बुडाले ते वेगळेच.

घरांत जें बोलणें व्हावयाचें तें झालें. जावई म्हणाले, वेगाचा हव्यास नडला. कन्या म्हणाली, "बाबा, ती सायकल डोळ्यांसमोर नको. तुम्हीच कोणास तरी विकून टाका." मुलगा मान खालीं घालून ऐकत होता. मीही दोन उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या, हें लिहितांना आज हात अडखळतो.

विकावयाची तर वांकडा झालेला ब्रेकचा दांडा सरळ करून घ्यावा, म्हणून आठ दिवसांनीं सायकल दुकानीं नेली. दुकानांतला तरुण कारागीर दांड्याकडे पाहण्यापूर्वीं टायराकडे वळला. दोन बोटांनीं दाबून म्हणाला, "काका, ह्यांत हवा कोणी भरली?"

"मीं."

"किती?"

"साठ."

तो लगेच कांहीं बोलला नाहीं. खिशांतून हवेचा मापक काढून त्यानें लावून पाहिला. आठ दिवसांनंतरही काटा चोपन्नावर होता. मग त्यानें मुलाचें वजन विचारिलें आणि म्हणाला, "ह्या वजनाला पुढें चोवीस, मागें सत्तावीस. साठावर सायकल जमिनीला धरतच नाहीं, काका. नुसती गोटीसारखी घरंगळते."

हिशेब मास्तराला समजतो. मीं तेथेंच फरशीवर खडूनें मांडून पाहिला. मुलाचें वजन ५४ किलो, सायकलीचें १४. एकूण ६८, म्हणजे सुमारें १५० पौंड. त्यांतला स्थूलमानानें पांचांतला दोन भाग पुढल्या चाकावर, तीन मागल्यावर; म्हणून पुढें ६० पौंड, मागें ९०. हवेचा दाब दर चौरस इंचास इतके पौंड असा मोजतात. तेव्हां साठ पौंडांचें ओझें साठ पौंडांच्या दाबावर तोलण्यास जमिनीचा एक चौरस इंच पुरतो. टपालाच्या तिकिटाएवढी जागा! तीच हवा चोवीस पौंड असती तर अडीच चौरस इंच रबर जमिनीला टेकलें असतें. टायराच्या स्वतःच्या ताठपणामुळें हा हिशेब अगदीं तंतोतंत नसतो, पण त्याचें तात्पर्य चुकत नाहीं. शिवाय मऊ टायर खड्यावरून जातांना खड्याभोंवतीं बसतो, टणक टायर खड्यावर चढतो व उडतो. आणि जितका वेळ चाक हवेंत, तितका वेळ त्याला वळण म्हणून कांहीं घेतांच येत नाहीं.

म्हणजे टायरावरील तो आकडा ही मर्यादा होती. एवढी भरा असें त्यांत कोठेंच नव्हतें. निषेधवाक्याचा मीं विधिपर अर्थ लाविला. पाठशाळेंत मीमांसेचीं दोन प्रकरणें घोकलेल्या माणसाच्या हातून हें व्हावें, ह्यावर माझे गुरुजी काय म्हणाले असते तें न लिहिलेलें बरें.

दुकानांतून परत आल्यावर दोन दिवस तोंडून शब्द निघेना. तिसऱ्या दिवशीं रात्रीं पानावर सर्व मंडळी असतांना सांगून टाकिलें कीं, मुलाचा दोष नाहीं, हवा मीं भरली होती. कन्या माझ्याकडे पाहत राहिली. मुलगा डाव्या हातानें चमच्यानें भात खात होता, तो तसाच खालीं पाहून म्हणाला, "आजोबा, मला ठाऊक होतें. चढतांनाच सायकल उड्या मारीत होती. थोडी हवा सोड, असें मित्र म्हणाला देखील. पण तुम्ही भरलेली, म्हणून नाहीं सोडली."

आठ-दहा दिवस तो बोलणीं खात होता आणि त्यानें हें एकदांही उच्चारलें नव्हतें.

सायकल विकली गेली नाहीं. कन्येनें अट घातली कीं, दर रविवारीं निघण्यापूर्वीं आजोबांनीं मापकानें हवा मोजून सांगावी. तेव्हांपासून मी ह्या शास्त्राचा विद्यार्थी झालों आहें, आणि नाशिकच्या भगिनींना जें लिहितों तें ह्या विद्यार्थिदशेंतलें समजावें.

पहिली गोष्ट मापाची. टायराच्या इंचांवर विश्वास ठेवूं नये. सव्वीस इंची म्हणून विकले जाणारे दोन टायर एकमेकांच्या चाकावर बसत नाहींत. अठ्ठावीस इंची जुन्या काळ्या सायकलीचें चाक एकोणतीस इंची डोंगरी चाकापेक्षां मोठें निघतें, हें ऐकून हंसूं येईल, पण तें खरें आहे. इंच हे पूर्वींपासून टायराच्या बाहेरच्या अंगानें, जाडी धरून, मोजीत आले. खरें माप म्हणजे टायराची कड चाकाच्या लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या कड्यावर जेथें बसते तेथील व्यास. तो मिलिमीटरांत टायरावर कोरलेला असतो. सव्वीस इंची डोंगरी चाकाचा आकडा ५५९, साडेसत्ताविसाचा ५८४, एकोणतिसाचा ६२२. आणि आमच्या जुन्या अठ्ठावीस-दीडाचा ६३५. त्याच्या अलीकडे दुसरा आकडा असतो तो रुंदीचा. ५७-५८४ असें लिहिलें असल्यास सत्तावन्न मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारें सव्वादोन इंच. जुन्या टायरावरील हे दोन आकडे चिठ्ठीवर उतरून दुकानीं न्यावे. आणि अधिक रुंद टायर घ्यावयाचा तर सांगाड्याच्या दोन्हीं दांड्यांमध्यें तो चिखलासकट फिरेल इतकी फट आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

रुंदी किती असावी ह्याचें उत्तर वाट देते. ज्यास अर्धा रस्ता डांबरी व अर्धा कच्चा तुडवावयाचा आहे त्यास दोन ते सव्वादोन इंच पुष्कळ झाले. दगडगोट्यांच्या उतारावरून येणाऱ्यास चोवीस दशांश किंवा त्याहून थोडा अधिक हवा. रुंद टायरांत कमी दाबानें काम भागतें; मात्र तो वजनानें जड, आणि फिरणाऱ्या कडेवरचें वजन चढावावर अधिक जाणवतें.

दांत्यांविषयीं दुकानदार पुष्कळ बोलतो, आणि येथें थोडें थांबणें अवश्य आहे. आपल्या सह्याद्रींत एकच जमीन नाहीं. घाटमाथ्याकडील टेकड्यांवर काळ्या पाषाणावर मुरमाचा थर असतो. वाळल्यावर तो कठीण जमिनीवर बाजरी पसरावी तसा असतो. येथें मधले दांते बुटके व जवळजवळ आणि कडेचे दांते उंच व बळकट असलेला टायर बरा. सरळ चालतांना मधले सुरळीत धांवतात, वळतांना सायकल कलली कीं कडेचे रुततात. महाबळेश्वर, कास आणि खालीं कोंकण ह्या भागांत जांभा दगड व तांबडी माती. कोरड्या दिवसांत वरच्यासारखाच टायर चालतो. देशावरच्या काळ्या मातींत मात्र पावसाळ्यांत जाऊंच नये असें मी म्हणेन. पण जावयाचेंच तर दांते उंच व एकमेकांपासून दूर असावे, म्हणजे चाक फिरतां फिरतां चिखल झाडून टाकतें. जवळजवळ दांत्यांचा टायर त्या मातींत दहा पावलांत पुरणाच्या गोळ्यासारखा होतो. शेवाळलेल्या ओल्या कातळावर तर उंच दांत्यांचा मुळींच उपयोग नाहीं. तेथें उपयोगी पडतें तें रबराचें मऊपण.

रबर मऊ असलें कीं धरतें चांगलें व झिजतें लवकर. कठीण असलें कीं ह्याच्या उलट. म्हणून जाणते लोक दोन्हीं चाकांस एकच टायर लावीत नाहींत. पुढें मऊ रबराचा, ठळक दांत्यांचा. मागें त्याहून कठीण व सपाट. कारण उघड आहे. मागलें चाक सरकलें तर सायकल शेपूट हलविते व बहुधा सांवरतां येते. पुढलें सरकलें म्हणजे सांवरावयास वेळच मिळत नाहीं. तें कसें, हें आमच्या घरीं आतां कोणास विचारावें लागत नाहीं. पैसे थोडे असतील तर नवा टायर नेहमीं पुढें घालावा आणि पुढला अर्धवट झिजलेला मागें न्यावा. पुष्कळ लोक नेमकें उलट करितात, कारण मागला आधीं झिजतो. टायर घालतांना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेकडे आहे ना, तेंही पाहावें.

टायराच्या कडेंत तार असते किंवा केव्हलर नांवाचा कृत्रिम धागा. हा धागा १९६५ सालीं स्टेफनी क्वोलेक ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विदुषीनें शोधिला. गोळीस अटकाव करणारीं चिलखतें त्याचींच करितात. अशा कडेचा टायर घडी होतो, वजनास हलका असतो व किंमतीस भारी. शाळकरी मुलास तारेचा पुरतो. टायराच्या कापडांत इंचास किती धागे, हेंही लिहिलेलें असतें. एकशेंवीस धाग्यांचें कापड तलम व लवचीक. साठांचें जाड, पण खड्यांच्या कडा अधिक सोसणारें. आमच्या डोंगरांत मला साठ धाग्यांचें बरें वाटतें. तलम वस्त्र समारंभास, जाडेंभरडें कामास!

आतां निगा. हवा आठवड्यांतून एकदां मोजावी, आणि ती मापकानें. माझा अंगठा मीं पेन्शनींत काढिला आहे. ट्यूबच्या रबरांतून हवा हळूहळू जातच असते, पंक्चर नसलें तरी. उन्हाचाही विचार ठेवावा: पहांटे गारव्यांत भरलेली सव्वीस पौंड हवा दुपारच्या तापलेल्या टायरांत तीन-चार पौंड चढते. हवा कमी ठेवावी म्हणून ती वाटेल तितकीही कमी करूं नये. फार कमी असली म्हणजे दगडावर आपटतांना ट्यूब दगड व चाकाचें कडें यांत चिरडून शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात. सायकलवाले त्यास सर्पदंश म्हणतात, आणि भोंकें पाहिलीं कीं नांव पटतें. दर खेपेस दोन पौंड कमी करीत जावें. कडें दगडाला लागल्याचा ठणका ऐकूं आला कीं दोन पौंड परत वाढवावे. तें आपल्या वजनाचें व आपल्या वाटेचें माप.

पंक्चरांत आमच्याकडे बाभळीचा कांटा पहिला, आणि त्याच्या खालोखाल सराटा, म्हणजेच गोखरू. आमच्या आजी दशमुळांत घालीत तो हाच गोक्षुर. अमेरिकेंतील सायकलस्वारांचाही हा वैरी आहे. तेथें त्याला बोकडाचें डोकें अशा अर्थाचें नांव आहे, कारण त्याच्या फळाला शिंगें असतात. आपल्या पूर्वजांना त्यांत गाईचें खूर दिसलें, त्यांना बोकड दिसला. टायराला दोन्हीं सारखींच. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्यापूर्वीं टायराच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. उरलेलें कांट्याचें टोंक कापसाचे तंतू धरून ठेवतें. बोटानें चांचपावयास गेलें तर तें बोटच धरतें. ठिगळ लावतांना ट्यूब खरबरीत कागदानें घांसून, सोल्यूशन लावून, तें पुरतें वाळेपर्यंत चार-पांच मिनिटें थांबावें. निम्मीं ठिगळें उतावळेपणानें सुटतात.

सायकल धुवावयाची तर साध्या पाण्यानें. पूर्वीं घासलेटच्या बोळ्यानें सर्व पुसण्याची चाल होती; घासलेट व तेल यांनीं रबर फुगतें व सैल होतें, आणि हल्लींच्या तबकडीच्या ब्रेकांना तेलाचा हात लागला तर ते धरीतच नाहींत. गच्चींत उन्हांत सायकल ठेवूं नये. बाजूंस बारीक भेगा पडतात त्या उन्हानें व हवेनें. परीक्षेच्या काळांत महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर हवा भरून ठेवावी, नाहीं तर टायर एकाच जागीं चिरडून बसतो. दांत्यांच्या कडा गोल झाल्या, मुळाशीं चिरा पडल्या, कीं बदलण्याची वेळ जवळ आली. आंतले धागे दिसूं लागले म्हणजे ती टळून गेली.

ट्यूब नसलेले टायर हल्लीं पुष्कळ निघाले आहेत. १९९९ सालीं फ्रान्सांतील माव्हिक कंपनीनें तशी पद्धत प्रचारांत आणली. त्यांत पातळ रबरी द्रव घालतात. कांटा गेला कीं भोंकांतून द्रव बाहेर येऊन तेथेंच गोठतो. ट्यूबच नाहीं, म्हणून तो सर्पदंशही नाहीं, आणि हवा आणखी कमी ठेवतां येते. परंतु तो द्रव दोन-तीन महिन्यांनीं, उन्हाळ्यांत त्याहूनही लवकर, वाळतो व नव्यानें घालावा लागतो. ज्या घरांत पाण्याच्या टांकीची सफाईसुद्धां दिवाळीवर टाकतात तेथें मी ट्यूबच सुचवीन. आमच्या येथेंही ट्यूबच आहे.

नाशिकच्या भगिनींनीं चिरंजीवांस आधीं विचारावें कीं, बाबा, तूं नेमका कोठें जातोस. त्यावांचून दुकानदारास कांहीं विचारण्यांत अर्थ नाहीं. शक्य तर एकदां त्या वाटेवर स्वतः चालून यावें. माझे गुडघे कुरकुरत होते, तरी मी त्या वळणापर्यंत गेलों. साधीच जागा आहे. डाव्या हाताला एक बोर आहे आणि वाटेवर मूठ-मूठ मुरूम.

मुलगा आतां सतरा वर्षांचा आहे. मापक आमच्या दारामागें खुंटीवर असतो, आणि रविवारीं पहांटे मी तो घेऊन अंगणांत उभा राहतों. परवांच्या रविवारीं रात्रीं पाऊस होऊन गेला होता. मीं दोन्हीं चाकें मोजून चोवीस आणि सत्तावीस सांगितले. त्यानें खालीं बसून पुढल्या चाकांतली दोन पौंड हवा सोडली, पुन्हा मोजून पाहिली, आणि निघाला. मला विचारलें नाहीं. मीं मापक पुसून खुंटीवर लाविला व आंत आलों.